गुडघ्याचा चुंबकी पट्टा: आधी टाचणी लावून बघा

गुडघेदुखीवर चुंबकी पट्टा घ्यायला इंदूरच्या दवा बाजारात निघालात, तर सोबत दोन टाचण्या आणि कोऱ्या कागदांची थप्पी असू द्या. शंभर कागद म्हणजे साधारण 1 सेंटिमीटर. पट्ट्याची अंगाला लागणारी बाजू वर करा, चुंबकावर कागद ठेवा, त्यावर टाचणी ठेवा आणि सगळं धरून उलटं करा. वीस-पंचवीस कागदांतच टाचणी पडली, तर त्या पट्ट्याचा जोर कातडीच्या थोडासाच आत जाणार. गुडघ्यातली कूर्चा त्याहून खोल असते आणि कमरेचे मणके तर कितीतरी खोल.

खोक्यावरच्या गॉसच्या (चुंबकाचा जोर मोजायच्या एककाच्या) आकड्यावर जाऊ नका. ‘12,000 गॉस’ हा बहुधा निओडिमियम या धातूच्या मिश्रणाचा आकडा असतो, पट्ट्याच्या पृष्ठभागावर मोजलेला नव्हे. 10 मिलिमीटर रुंद आणि 3 मिलिमीटर जाड गुंडीचुंबक पृष्ठभागावर अडीच-तीन हजार गॉस देतं, पण 2 सेंटिमीटरवर जेमतेम 50 गॉस उरतात. पट्ट्यात उत्तर-दक्षिण ध्रुव आलटून पालटून बसवले असतील तर जोर आणखी लवकर ओसरतो. खोलवर पोचायला चुंबक रुंद लागतं, नुसतं जोरदार असून भागत नाही.

‘रक्तातलं लोह ओढलं जातं’ हे दुकानात हमखास ऐकवतात. हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं वागत नाही. प्राणवायू धरलेलं रक्त चुंबकापासून किंचित दूरच ढकललं जातं, हे पॉलिंग आणि कोरिएल या रसायनशास्त्रज्ञांनी 1936 सालीच दाखवलं. एमआरआयच्या नेहमीच्या यंत्रात 15,000 गॉस असतात आणि त्यातून बाहेर पडणाऱ्याचा गुडघा काही बरा झालेला नसतो. चुंबकावर ठेवलेल्या पाण्याचंही तेच, चुंबक काढलं की त्यात काही शिल्लक राहत नाही.

मग आराम पडतो तो खोटा का? मुळीच नाही. जाड पट्ट्याने सांधा उबदार राहतो, दाबामुळे आधार वाटतो आणि माणूस बेताने चालतो. शिवाय पट्टा घेतला जातो तो दुखणं अगदी टोकाला गेलं की, आणि तिथून ते आपोआपही थोडं उतरतं. ब्रिटनमध्ये खुबा-गुडघ्याच्या संधिवाताच्या 194 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात (2004) चुंबकी कड्याने दुखणं कमी झालं, पण तो गुण चुंबकाचा की विश्वासाचा हे ठरवता आलं नाही. 2007 साली अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा एकूण दुखण्यावर ठोस फायदा दिसला नाही. संधिवाताचा प्रश्न मात्र तेवढा खुला ठेवला गेला.

तुमच्या गुडघ्याचा निकाल घरीच लावता येतो. खिशातून चुंबकं काढता येतील असाच पट्टा घ्या आणि सियागंज बाजारातून त्याच मापाचे लोखंडी वॉशर आणा. घरातल्या कुणीतरी नाणेफेक करून दोन आठवडे चुंबक आणि दोन आठवडे वॉशर भरायचे. काय भरलंय ते तुम्ही विचारायचं नाही आणि किल्ली लावून बघायचं नाही. रोज रात्री जेवणाआधी दुखणं 0 ते 10 मध्ये लिहा. दोन्ही सरासरींत 2 गुणांचाही फरक नसेल, तर चुंबकाचे जादा पैसे देऊ नका. साधा नी-कॅप पुरे. या काळात डॉक्टरांच्या गोळ्या चालूच ठेवा, नाहीतर चाचणी गोळ्यांचीच होऊन बसेल.

पट्टा बांधताना आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. झोपताना काढा. मे महिन्यात आपल्या इंदुरात घामाने पट्ट्याखाली पुरळ उठतं, म्हणून आत सुती कापड ठेवा. निकेलचा मुलामा उडालेलं चुंबक गंजतं, आणि काहींना निकेलचीच खाज येते. पट्टा धुताना चुंबकं बाहेर काढा.

पेसमेकर असेल तर हा विचारच सोडा. जवळ आलेल्या चुंबकाने तो ठरावीक गतीवर जातो, आणि शॉक देणारं यंत्र असेल तर शॉकच थांबतो. छातीपासून किमान 15 सेंटिमीटर अंतर ठेवायचं, म्हणजे पट्टा शर्टाच्या खिशातसुद्धा नको. इन्सुलिन पंप, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र) आणि मेंदूतला शंट (साचलेलं पाणी काढणारी नळी) यांनाही हेच लागू. घरात लहान मूल असेल तर सुटी गुंडीचुंबकं ठेवूच नका. दोन गिळली गेली तर आतडं मध्ये चिमटलं जाऊन भोक पडतं. अशा वेळी वाट न बघता थेट एमवाय रुग्णालय गाठा.

हाड जुळत नसेल तेव्हा दवाखान्यात वापरतात ते विद्युत-चुंबकी स्पंदांचं यंत्र वेगळं. त्याला अमेरिकेत 1979 साली मान्यता मिळाली. पट्टेवाले तोच दाखला देतात, पण पट्ट्यातलं चुंबक स्थिर असतं आणि त्यातून स्पंद निघत नाहीत.

गुडघा लाल, गरम झाला, ताप आला किंवा पाय बधिर पडला, तर पट्टा न बांधता डॉक्टरांकडे जा. एरवी रोज हे करा: पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घ्या, मांडी आवळून ती खाली दाबा, 5 सेकंद धरा आणि सोडा. असं 10 वेळा, सकाळ-संध्याकाळ.