माळ घालण्यापूर्वी

ज्येष्ठ वद्य दशमी, पुणे

आज दोन्ही पालख्या शहरात मुक्कामी आहेत. माउलींची भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबारायांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी. ज्या गृहस्थांनी मला लग्नाविषयी विचारले आहे ते नेमाने वारी करणारे माळकरी आहेत. त्यांची इच्छा अशी की मी या आषाढीला पंढरपुरात माळ घालावी, म्हणजे कार्तिकीला तुळशीची लग्ने लागली की आम्हालाही निर्धास्त मनाने लग्न करता येईल. त्यांच्या मनात कपट नाही. माळकऱ्याला मद्यमांस वर्ज्य असते, एकादशी आणि वारी चुकवायची नसते. हे नियम धरून व्यसनातून बाहेर पडलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि माझ्या वडिलांच्या गळ्यात आयुष्यभर हीच माळ होती. तरीही मला होकार देता आला नाही, आणि तो का देता आला नाही हे मला आज लिहून काढायचे आहे.

दारू अचानक तोडली तर नुसते हात थरथरत नाहीत, फिट येऊ शकते, भास होतात, आणि म्हणून औषधे व बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देत ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावी लागते, हे मी व्यसनमुक्ती केंद्रात शिकले. बाईच्या शरीरात पाण्याचा अंश पुरुषापेक्षा कमी असल्यामुळे तेवढ्याच दारूने तिच्या रक्तातील प्रमाण जास्त चढते आणि यकृतही लवकर बिघडते, हेही तिथेच कळले. या माहितीने मला जो आधार दिला तो त्या काळात कोणत्याही स्तोत्राने दिला नव्हता. घटस्फोट घेतलेली आणि त्यात पिणारी बाई म्हणजे देवाधर्माला पारखी झालेली बाई, असेच तोवर सगळे मला सांगत होते आणि मीही ते मानले होते.

माझी भीती इथेच आहे. माळ घातल्यावर उद्या माझी स्लिप झाली, म्हणजे मी पुन्हा प्यायले, तर ती माझ्या दृष्टीने आजाराने पुन्हा खाल्लेली उचल राहणार नाही, तो विठ्ठलाशी केलेला द्रोह होईल. आणि द्रोह माणूस लपवतो. लपवण्याची मला किती सवय आहे हे मला माहीत आहे. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मीटिंगमध्ये उभी राहून सर्वांसमोर सांगता येईल अशी गोष्ट मी गळ्यातल्या माळेखाली दडवून ठेवीन, आणि दडवलेली दारू वाढतच जाते.

जिच्या मीटिंगला मी जाते ती अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही संघटना १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींच्या भेटीतून सुरू झाली. तिच्या बारा पायऱ्यांपैकी तिसरी पायरी सांगते की आपली इच्छा आणि आपले जीवन, आपल्याला जसा उमगला तशा परमेश्वराच्या हाती सोपवण्याचा निश्चय करावा. या पायरीवर मी फार दिवस अडखळले, कारण सोपवणे मला अवघड नव्हते, तर नको इतके सोपे होते. आधी मी स्वतःला नवऱ्यावर सोपवले, मग संध्याकाळच्या ग्लासावर, मग कोर्टाच्या तारखा चालू असताना देवळाच्या पायरीवर बसून विठोबावर. प्रत्येक वेळी मागणी एकच होती, की कोणीतरी मला माझ्यापासून उचलून न्यावे. आता एक सज्जन पुरुष प्रेमाने म्हणतो आहे, 'सगळे माझ्यावर सोडा', आणि ते ऐकताना मनाला जी धुंदी येते ती मला फार ओळखीची वाटते.

परंतु तिसऱ्या पायरीनंतर आणखी नऊ पायऱ्या आहेत, ही गोष्ट मला उशिरा दिसली. चौथीत स्वतःची निर्भयपणे झडती घ्यायची असते, आठवीत दुखावलेल्या माणसांची यादी करायची असते आणि नवव्या पायरीत, जिथे त्यांना आणखी इजा होणार नाही तिथे, प्रत्यक्ष भरपाई करायची असते. सोपवल्यानंतर इतके काम शिल्लक ठेवणारा देव मला हवा आहे. माझी तरी श्रद्धा आता अशीच आहे: तो उचलून नेत नाही, चालवतो.

माझ्या यादीत पहिले नाव लेकीचे आहे. शनिवारी ती तिच्या बाबांकडून आली तेव्हा माळेचे ऐकून तिने विचारले, 'आई, माळ घातलीस की तू नक्की पिणार नाहीस ना?' हो म्हणावे असे फार वाटले. मी तिला सांगितले की अशी हमी मला कोणत्याच वस्तूच्या भरवशावर देता येणार नाही. प्यावेसे वाटले तर मी आधी माझ्या स्पॉन्सरना, म्हणजे या वाटेवर मला आधार देणाऱ्या जुन्या सदस्यांना, फोन करीन, आणि प्यायले तर तुझ्यापासून लपवणार नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, 'बाबांना पण हेच सांगशील?' मी हो म्हटले.

उद्या हडपसरला दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. तिथवर मी या गृहस्थांबरोबर चालणार आहे आणि वाटेत त्यांना हे सारे सांगणार आहे. ते मला आवडतात, हेही सांगणार आहे. माळेची गोष्ट लग्नाशी बांधायची नाही, एवढी माझी अट राहील. ती घालायची की नाही हे मी आणि विठ्ठल पाहून घेऊ. अट मान्य असेल तर लग्नाचे कार्तिकीनंतर बोलू, आणि त्या बोलण्यात लेकही असेल. संध्याकाळी मीटिंग आहे, तिथे मला वेळेवर पोहोचायचे आहे.