चिंचोक्यांची रांग

खानापूर तालुक्यातील एका बालवाडीत आज चार वर्षांची मुलगी लहानापासून मोठ्यापर्यंत चिंचोक्यांची रांग लावत असताना, ‘हे नंतर कर हं बाळ, आज आपला लाल रंग आहे,’ असे म्हणत बाईंनी चिंचोके डब्यात भरून टाकले.

बाई प्रेमळ आहेत. कोणत्या दिवशी काय शिकवायचे ते ठरवणारा भिंतीवरचा आठवड्याचा तक्ता मात्र तितका प्रेमळ नाही. क्रम लावणे, तुलना करणे आणि ‘एक, दोन, मूरु, नाल्कु’ असे मराठी-कन्नडात मिळून मोजणे, हे सारे त्या मुलीला कोणी न सांगता साधत होते. (आपल्या सीमाभागात असे मोजणे कोणाला खटकतही नाही.)

मुलांच्या कलाने शिकवायचे म्हणजे नियोजन नको, हा समज मला पटत नाही. उलट त्याला अधिक तयारी लागते: कोणते मूल कशात रमले ते टिपायचे, त्यावरून उद्या त्याच्या हाताशी तराजू ठेवायचा, सागरगोटे की वाट्या, हे ठरवायचे, आणि तक्त्यात थोडा वेळ मुद्दाम मोकळा सोडायचा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा परिसरातील साध्या वस्तूंनाच त्यांनी शैक्षणिक साधने मानले. २०२२ चा पायाभूत स्तराचा (तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीचा) राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही खेळातून शिकण्यावर भर देतो.

तपासणीला येणाऱ्यांना मात्र भरलेले चौकोन हवे असतात. बालवाडीत शिकवणाऱ्या मैत्रिणींनो, तक्त्यातल्या रिकाम्या चौकोनाविषयी विचारले, तर तुम्ही काय सांगता?