नळ डुप्लिकेट नव्हते

काकूंचा फोन आला. "तुमच्या प्लंबरने डुप्लिकेट नळ बसवलेत. येऊन बघा." आवाज चढलेला नव्हता. आरडाओरडा करणारे लोक तासाभरात निवळतात, शांत आवाजातल्या तक्रारी मात्र लांबतात.

घरांच्या नूतनीकरणाची कामं मी पाहते. एकाच खोलीत चार कारागीर मागेपुढे काम करून जातात आणि काही बिघडलं की ज्याची वस्तू बिघडली त्याच्या नावावर खापर फुटतं. नळ खराब झाले, म्हणजे दोष प्लंबरचा. हिशेब सोपा, पण बहुतेक वेळा चुकीचा.

बाथरूममध्ये गेले तर खरंच वाईट वाटलं. शॉवरचा दांडा, भिंतीतल्या डायव्हर्टरची (पाणी नळाकडे की शॉवरकडे, हे वळवणाऱ्या खटक्याची) तबकडी, बेसिनचा नळ, सगळं नवंकोरं आणि सगळ्यावर करडट मळकटपणा. मधूनमधून पिवळसर चट्टे. काकूंनी फडक्याने घासून पाहिलं होतं, ढिम्म हललं नव्हतं. प्लंबर बिचारा रिकामे खोके, बिल आणि वॉरंटी कार्ड घेऊनच उभा होता. त्याच्यावर हे पहिल्यांदा आलेलं नसावं.

मी आधी दुसऱ्या बाथरूममध्ये गेले. तेच मॉडेल, त्याच बिलातले नळ, त्याच हातांनी बसवलेले, आणि आरशासारखे चकचकीत. फरक एवढाच, की तिथली फरशी आणि सांधे पूर्ण झाल्यावर नळ बसले होते. इथे काकूंच्या घरी पाहुणे येणार होते म्हणून नळ आधी बसले आणि मिस्त्री मागून सांधे भरायला आला.

परत येऊन खाली वाकून पाहिलं. मोरीची जाळी स्टेनलेस स्टीलची, तरी तिच्यावर तांबूस ठिपके. फरशीच्या सांध्यावरून बोट फिरवलं तर पांढरी भुकटी हाताला लागली. आणि बेसिनच्या संगमरवरी ओट्यावर एक फिकट, चमक गेलेलं वर्तुळ होतं. ओल्या बुडाचा मगा ठेवावा तेवढंच.

मिस्त्रीला बोलावलं. तो म्हणाला, "ताई, मी फक्त फरशी पुसली. नळाला हात लावला नाही." दुसरं वाक्य खरं होतं, हे मला पुढे कळलं. त्याचा मगा त्या वर्तुळावर नेमका बसला. "मगा माझाच, पण त्यात पाणी होतं."

तेव्हा प्लंबरनेच संगमरवराचा उरलेला तुकडा आणून दिला. मिस्त्रीच्या सामानातल्या बाटलीतले दोन थेंब त्यावर टाकले. फसफस झाली. धुऊन पुसल्यावर तिथे तसाच फिकट डाग. मिस्त्री जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "सगळेच असं करतात, ताई."

करतात खरं. टाइल्सवर सुकलेला सिमेंटचा थर काढायला हायड्रोक्लोरिक अॅसिड मारायचं, हे अनेकजण उस्तादाकडून शिकलेले असतात. ते सिमेंट खातं, म्हणून सांधेही पोखरतं, आणि संगमरवर तर चुन्याचाच दगड. नळाचं म्हणाल तर आत पितळ, त्यावर निकेल आणि सगळ्यात वर क्रोमचा मुलामा, जो साधारणपणे एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. तो गेला की खालचं पिवळसर निकेल डोकावतं. शॉवरच्या दांड्यापर्यंत शिंतोडे उडाले नव्हते. बाथरूमचं दार-खिडकी बंद करून अॅसिड टाकलं, की त्याची वाफच वरपर्यंत काम करते. हात न लावता नळ गेले ते असे. वॉरंटी कार्डावर रसायनांनी झालेलं नुकसान सरळ वगळलेलं होतं, त्यामुळे कंपनीकडे जाण्यात अर्थ नव्हता.

आता पैशांचं. काकूंचं म्हणणं, मिस्त्रीचं राहिलेलं सगळं बिल अडवा. मला ते मान्य नव्हतं. फरशीचा उतार जाळीकडे बरोबर होता, एकही टाइल ठोकल्यावर पोकळ वाजत नव्हती. चांगल्या कामाची मजुरी नुकसानीच्या नावाखाली गिळायची, हे मला चोरीइतकंच वाटतं. तोटा जेवढा, कापायचं तेवढंच.

तोटा मात्र नीट मोजावा लागतो. डायव्हर्टरचं नाव ऐकून मिस्त्रीचा चेहरा उतरला होता, कारण त्याला वाटलं भिंत फोडावी लागणार. तसं नव्हतं. भिंतीत गाडलेल्या बॉडीला वाफ पोचलेली नव्हती. बाहेरची तबकडी आणि मूठ सुटी मिळते, फक्त त्याच कंपनीची आणि त्याच मॉडेलची हवी. बेसिनचा नळ, शॉवर आणि जाळी मात्र पूर्ण बदलायची. नळ बसवून आठवडासुद्धा झाला नव्हता, म्हणून वापरलेल्या वस्तूची घट धरायचा प्रश्न नव्हता. ओट्याला पॉलिश करणारा कारागीर मिस्त्रीने स्वतः आणायचा, भुकटी होणारे सांधे खरवडून पुन्हा भरायचे, आणि प्लंबरच्या दुसऱ्या खेपेची मजुरीही मिस्त्रीच्याच बिलातून. प्लंबरने ती फुकट का करावी?

वाद अडला तो बेसिनखालच्या कनेक्शन पाइपांवर. "ते तर चांगले दिसतायत, त्यांचे पैसे मी का देऊ?" मिस्त्रीने विचारलं. वरवर पाहता चांगलेच होते. पण अशा पाइपात आतली नळी मऊ असते, पाण्याचा दाब पेलते ती बाहेरची स्टीलच्या तारांची वीण. टॉर्च मारला तर टोकाच्या टोपणाजवळ दोनतीन तांबूस ठिपके दिसले. अॅसिडाच्या वाफेतल्या क्लोराइडने तारा आतून कुरतडल्या की त्या एकेक करून तुटतात आणि घरात कोणी नसताना पाइप फुटतो. मिस्त्रीने शेवटी अर्धे मान्य केले, उरलेले काकूंनी घातले. मला ते पटलेलं नाही. पण काकूंना विषय संपवायचा होता आणि घर त्यांचं होतं.

सगळं कागदावर लिहिलं: कोणती वस्तू, कोण आणणार, कोणाच्या बिलातून. दोघांच्या सह्या घेतल्या, डागांचे फोटो जोडले.

सही करताना मिस्त्री म्हणाला, "माझंही एक लिहा, ताई. सांधे भरायच्या आधी नळ बसवायचे नाहीत. आणि बसवलेच, तर प्लास्टिक गुंडाळून द्यायचे." मी लिहिलं. त्याच्याखाली आणखी एक ओळ वाढवली: सिमेंट ओलं असतानाच स्पंजने पुसायचं, अॅसिड साइटवर आणायचं नाही. ती वाचून त्याने तोंड वाकडं केलं, पण सही केली.