आठ तास हवा बंद: महाबळेश्वरातल्या एका रिसॉर्टचा सांडपाणी प्रकल्प

महाबळेश्वरातल्या कुठल्याही बऱ्या रिसॉर्टमध्ये पर्यावरणाची काळजी पाहुण्याला दिसेल अशा जागी मांडलेली असते. खोलीत टॉवेल पुन्हा वापरायची विनंती करणारं कार्ड असतं, गच्चीवर सोलर, टेबलावर काचेची बाटली. त्यात वाईट काही नाही. पण साठ खोल्यांचं हॉटेल दिवसाला पन्नास हजार लिटरच्या आसपास सांडपाणी तयार करतं, आणि ते जातं लाँड्रीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिकडे पाहुणा फिरकत नाही, मालकही क्वचितच. वाई, पाचगणी, महाबळेश्वर या पट्ट्यातल्या अशा शेडांची देखभाल हे आमचं काम. ही हकिकत नाताळ आणि थर्टी फर्स्टच्या मधल्या एका सकाळची.

आधी डोंगराबद्दल थोडं, कारण त्याशिवाय घाई कसली होती ते कळणार नाही. पठारावर वरचा थर जांभ्याचा. जांभा सच्छिद्र, भेगाळलेला. वर ओतलेलं पाणी तो धरून ठेवत नाही, खाली सोडतो. त्याच्याखाली काळा कातळ. पाणी तिथे अडतं आणि जांभा-कातळाच्या सांध्यातून आडवं बाहेर पडतं. आपले झरे ते हेच. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या नद्यांचं पहिलं पाणी इथलं. खालच्या वाड्यांचं पिण्याचं पाणी आणि स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांचं पाणीही अशाच झऱ्या-विहिरींचं. त्यामुळे शुद्ध करून वर लॉनवर फवारलेलं सांडपाणी गवतापुरतं राहत नाही. 2001 च्या जानेवारीत केंद्राने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केला. बांधकाम आणि झाडतोडीवर बोलताना लोक त्याचा उल्लेख करतात, सांडपाण्यावर बोलताना कमी.

सकाळी मॅनेजरांचा फोन आला. लॉनवरून घाण वास येतोय, नाश्त्याला बाहेर बसलेले लोक उठून आत गेले. "थंडीनं प्लांट बसला असंल," हे त्यांचं निदान. थंडी होतीच. वेण्णा तलावाकडे आणि लिंगमळ्यात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या त्या आठवड्यात येतच होत्या. पण थंडीने सांडपाणी साफ करणारे जिवाणू मंदावतात. एका रात्रीत प्लांट काळा पडत नाही. आदल्या संध्याकाळपर्यंत ठीक होतं म्हणजे काहीतरी थांबलं किंवा काहीतरी ओतलं गेलं.

आम्ही नऊ वाजता पोचलो. शेडच्या आधीच कुजक्या अंड्यांचा वास. एरेशन टाकीत, म्हणजे हवा सोडून जिवाणू जगवतात त्या टाकीत, पाणी एरवी चॉकलेटी असतं, ते राखाडी-काळं. पुढच्या, गाळ खाली बसायच्या सेटलिंग टाकीवर गाळाचे तळहाताएवढे गोळे तरंगत होते, त्यांच्या कडेने बुडबुडे. काठावरून गढूळ पाणी पुढे चाललेलं. आणि लॉनचे फवारे टायमरवर असल्यामुळे आठ वाजता आपोआप सुरू झालेले. सगळ्यात आधी बागेचा पंप बंद केला आणि याच पाण्यावर चालणारी टॉयलेट फ्लशची लाइन साध्या पाण्यावर घेतली. कारण शोधायला नंतर वेळ असतो, खराब पाणी बाहेर जायचं आधी थांबवायला हवं.

प्लांट सांभाळणारे मामा जावळीकडचे, जुने आणि कामाला चोख. "ब्लोअर चालूच हाय की साहेब," ते म्हणाले. आणि टाकीत हवा फुंकणारं ते यंत्र खरंच चालू होतं. वहीतही दर दोन तासांपुढे 'चालू, चालू, चालू' असं लिहिलेलं. पण पॅनेलवर आवर मीटर असतं, मोटर चालली तेवढेच तास ते मोजतं. आदल्या संध्याकाळी सहाच्या नोंदीशी ताडून पाहिलं. पंधरा तास उलटले होते आणि मीटर सातच तासांनी पुढे गेलं होतं.

मग एकेक उलगडत गेलं. रात्री सव्वादहाला लाईट गेली, साडेबाराला आली. मधले सव्वादोन तास जनरेटरने खोल्या, गिझर, स्वयंपाकघर आणि लॉनवरचा डीजे ओढला. एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी प्रकल्पाचं, पॅनेल जनरेटरच्या लाइनवर जोडलेलंच नव्हतं. नकाशात होतं, पण बांधकामाच्या वेळी डिझेल वाचवायला काढलेलं. बरं, साडेबाराला लाईट आल्यावर तरी ब्लोअर सुरू व्हायला हवा होता. तो होत नाही. पाच एचपीच्या मोटरला स्टार्टर असतो. वीज गेली की त्याचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरला वीज जोडणारा भाग, सुटतो आणि कुणीतरी हिरवं बटण दाबेपर्यंत सुटलेलाच राहतो. ही सोय मुद्दाम केलेली असते, नाहीतर दुरुस्ती करणाऱ्याचा हात मशीनमध्ये असताना वीज आली की ते फिरायला लागेल. बटण दाबायला माणूस लागतो, आणि मामांना त्या रात्री पार्किंगला उभं केलं होतं. सकाळी सव्वासहाला ते शेडमध्ये आले तेव्हा ब्लोअर सुरू झाला. दोन तासांची लाईट गेली, आणि हवा आठ तास बंद.

एरेशन टाकीत 45 घनमीटर पाणी आणि लिटरला साधारण साडेतीन ग्रॅम जिवंत गाळ, म्हणजे जिवाणूंचे पुंजके. या जिवाणूंना पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला दोन मिलिग्रॅम तरी लागतो. हवा थांबली की तो काही मिनिटांत संपतो. मग गाळ तळाशी बसतो, कुजायला लागतो, आणि पाण्यातल्या सल्फेटचा हायड्रोजन सल्फाइड होतो. सेटलिंग टाकीत बसून राहिलेल्या गाळात नायट्रोजनचे बुडबुडे धरतात आणि त्याला वर उचलतात, ते तरंगते गोळे म्हणजे हेच.

इथवरचं नुकसान दिवसभर हवा दिली असती तर भरून निघालं असतं. खरं नुकसान सकाळच्या घाईने केलं. हॉटेलचं पाणी आधी जिथे जमतं ती वीस घनमीटरची कलेक्शन टाकी रात्रभरात काठोकाठ भरली होती. प्लांटला तासाला अडीच घनमीटर पाणी द्यायचं असतं, पण पंप देतो आठ. म्हणून एक बायपास लाइन असते, जास्तीचं पाणी ती परत कलेक्शन टाकीत सोडते. टाकी लवकर उतरावी म्हणून कुणीतरी त्या लाइनचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला. तासाला आठ घनमीटरचा लोंढा एरेशन टाकीत शिरला, तळाचा कुजका गाळ ढवळला गेला आणि सेटलिंग टाकीत बसायला वेळ न मिळता काठावरून वाहून गेला. तिसऱ्या टप्प्यावर सँड फिल्टर होता, तो तुंबल्यावर त्याचाही बायपास उघडला गेला. तेच पाणी लॉनवर.

एरेशन टाकीतल्या पाण्याने एक लिटरचं उभं मोजपात्र भरून अर्धा तास ठेवलं. एरवी इथे गाळ 300 मिलिलीटरच्या खुणेवर बसतो, त्या दिवशी 120 वर. वरचं पाणी धुरकट. निम्म्याहून जास्त जिवाणू निघून गेले होते.

यावर जे उपाय सुचवले गेले ते लिहून ठेवतो, कारण सगळीकडे हेच सुचवले जातात. हाउसकीपिंगचा एक जण फिनेल आणि ब्लीचिंग पावडर घेऊन आला. त्याने वास जाईल आणि उरलेले जिवाणूही. स्वयंपाकघरातून गूळ आणि शेजारच्या गोठ्यातून शेण आणायची तयारी झाली. रिकामा प्लांट नव्याने सुरू करताना त्याचा थोडा उपयोग असतो, पण हवा अपुरी असताना गूळ म्हणजे उपाशी पंगतीत आणखी शंभर पाहुणे. तिसरा सल्ला दबक्या आवाजात आला: थोडा काळा गाळ दरीत सोडून द्या, धुक्यात कोण बघतंय. दरीत म्हणजे ओढ्यात, आणि ओढा वेण्णेत. त्याला आम्ही नाही म्हणालो आणि मॅनेजरांनीही आढेवेढे घेतले नाहीत.

तेवढ्यात मामा कलेक्शन टाकीचं झाकण उघडून शिडी लावत होते. फीड पंपात, म्हणजे प्लांटला पाणी देणाऱ्या पंपात, चिंधी अडकली होती, ती काढायला खाली उतरायचं होतं. त्यांना हाताला धरून मागे घेतलं. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, टाकीत खाली साठतो. शंभर पीपीएमच्या पुढे नाकच बधिर होतं, म्हणजे 'आता वास कमी झालाय' असं वाटतं तेव्हाच धोका सगळ्यात जास्त असतो. एक जण कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. हाताने मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने अशा टाकीत माणूस विनासाधन उतरवणं गुन्हा आहे. आणि गरजही नव्हती. बुडीत पंपाला साखळी असते, तिने तो वर ओढला, चिंधी काढली, पुन्हा सोडला. पाच मिनिटांचं काम.

मग क्रमाने सुरुवात केली. बायपास व्हॉल्व्ह उघडून बादली आणि घड्याळाने मोजत आवक तासाला अडीच घनमीटरवर आणली. टाकी पुन्हा भरू नये म्हणून लाँड्री दिवसभर बंद ठेवली. पाहुण्यांची अंघोळ थांबवता येत नाही, चादरी थांबवता येतात. दुसरा राखीव ब्लोअरही सुरू केला. पट्टा सैल, किंचाळत होता. धुक्याच्या दमटपणात मोटर ज्यावर सरकते त्या पट्टीवर गंज चढलेला. मोटर मागे ओढून पट्टा ताणला, गिअरचं ऑइल काचेत अर्ध्यापर्यंत आहे ना ते पाहिलं.

उंचीचा मुद्दा इथे येतो आणि तो बहुतेक कोटेशनमध्ये सापडत नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून 1,370 मीटरच्या आसपास. इथली हवा समुद्रकाठच्या हवेच्या सुमारे 85 टक्के घनतेची. ब्लोअर हवा मोजतो घनफळाने, जिवाणू मोजतात प्राणवायूने. मुंबईचा तक्ता बघून घेतलेला ब्लोअर इथे पंधरा टक्के कमी पडतो. रोज ते निभतं, भरलेल्या हॉटेलात नाही. शिवाय हवेच्या दाबाचा काटा चौरस सेंटिमीटरला 0.42 किलोवर होता. तीन मीटर पाण्याला 0.30 आणि तळाशी बारीक बुडबुड्यांनी हवा सोडणाऱ्या डिफ्यूझरला 0.05, असा 0.35 पुरायला हवा. वरचा फरक म्हणजे डिफ्यूझरची छिद्रं बुजत चालली आहेत. हवा थांबते तेव्हा गाळ त्यांच्या रबरी पडद्यात शिरतो, म्हणजे लाईट जाण्याचं हे दुसरं, हळू चालणारं नुकसान.

पीएच 6.2 निघाला, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकलेलं. जांभ्यातून झिरपलेलं पाणी मऊ, त्यात क्षार कमी. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सात मिलिग्रॅमच्या वर क्षारता, म्हणजे आम्ल झेलायची ताकद, खर्ची पडते. कोकणातही हा त्रास दिसतो. सांगली-मिरजेच्या बोअरच्या जड पाण्यात तो जाणवत नाही. बेकरी विभागातून पाच किलो खायचा सोडा घेतला, बादलीत विरघळवून तासाभरात थोडा थोडा सोडला. चुना स्वस्त पडतो, पण त्याच्या गुठळ्या तळाशी बसतात आणि पीएच एकदम उडी मारतो. सोड्याने वासही उतरतो, कारण पीएच सातच्या वर गेला की सल्फाइडचा बराचसा भाग वायू म्हणून बाहेर न पडता पाण्यातच राहतो.

राहिला ग्रीस ट्रॅप, म्हणजे स्वयंपाकघराच्या पाण्यातलं तेल अडवणारा हौद. तीन कप्प्यांच्या ट्रॅपमध्ये वर तेलाचा थर चार बोटं असायला हरकत नाही. इथे तो वीतभर, थंडीने थिजून साबणासारखा कडक झालेला. आणि तिसऱ्या कप्प्यातला खाली वळलेला पाइप गायब. तो पाइप पाणी तळाकडून घेतो म्हणून तेल मागे राहतं. तो नसला की ट्रॅप काहीच अडवत नाही. स्वयंपाकघरातली मंडळी तुंबलं की उकळतं पाणी ओततात. तेल पातळ होऊन पुढे जातं आणि थंड पाइपात किंवा आमच्या टाकीत पुन्हा थिजतं. थर फावड्याने काढून ड्रममध्ये भरला, चार इंची पाइपचा तुकडा आणि एल्बो बसवला. तळणीचं वापरलेलं तेल तर मोरीत जायलाच नको. ते डब्यात साठवून बायोडिझेलवाल्यांना देता येतं.

सेटलिंग टाकीवरचे गोळे नळीच्या फवाऱ्याने फोडले. फुटल्यावर बुडबुडे सुटतात आणि गाळ खाली बसतो, तिथून तो एरेशन टाकीत परत. संध्याकाळी पाचला पाण्यातला प्राणवायू लिटरला 0.2 वरून 1.4 मिलिग्रॅमवर आला होता. वास रात्रीपर्यंत जवळजवळ गेला. गाळ पुन्हा वाढून 300 च्या खुणेजवळ यायला जानेवारीचे पहिले काही दिवस लागले आणि तोवर बागेला साधंच पाणी घातलं. ते टँकरचं होतं, त्यामुळे बिल बघून मालकांनी पहिल्यांदा शेडमध्ये पाय ठेवला.

पॅनेल आता जनरेटरच्या लाइनवर आहे. जनरेटरवाल्याचा आक्षेप होता की लोड वाढेल. एक ब्लोअर म्हणजे 3.7 किलोवॉट, तासाला सव्वा लिटरच्या आसपास डिझेल. स्टार्टरला तीस सेकंदांचा टायमर जोडून ब्लोअर आपोआप सुरू होईल असं केलं. अर्धा मिनिट थांबवायचं कारण, जनरेटरने गिझर आणि ब्लोअरचा झटका एकदम घेतला तर तोच ट्रिप होतो. 'हे यंत्र आपोआप सुरू होतं' अशी मराठी पाटी आणि पट्ट्यावर जाळी त्यासोबत आलीच. बायपास व्हॉल्व्हची मूठ काढून मामांच्या कपाटात ठेवली. वहीत 'चालू' लिहायचं नाही, मीटरचा आकडा लिहायचा. मामा म्हणाले, "आकडा लिवायला आत यावंच लागतंय," आणि त्यासाठीच तो नियम केला होता. सीझनमध्ये त्यांना पार्किंगला पाठवायचं नाही हे मात्र तोंडी ठरलंय, लेखी नाही.

डिफ्यूझर बदलायचे राहिलेत. ते टाकीच्या तळाला पक्के बसवलेले आहेत, म्हणजे टाकी रिकामी करावी लागणार. त्यासाठी हॉटेल निम्मं रिकामं हवं, आणि जुना गाळ तात्पुरता कलेक्शन टाकीत जिवंत ठेवायला हवा. फेब्रुवारीचा मधला आठवडा मागितलाय, कारण एप्रिल उजाडला की जून लागेपर्यंत टाकीला हात लावता येत नाही. नवे डिफ्यूझर वर उचलून काढता येतील असे घ्या, असं सांगितलंय. मालक अजून कोटेशन बघतायत.