स्प्रिंग ब्रेकमधली कॅरिबियन क्रूझ: मुलं, आजी-आजोबा आणि गर्दी

पोर्तो रिकोचं सान हुआन, सेंट थॉमस, सेंट मार्टेन. फ्लोरिडाहून आठवडाभरासाठी पूर्व कॅरिबियनला जाणाऱ्या बऱ्याच जहाजांचा मार्ग हाच असतो. मार्चमधल्या शाळेच्या सुट्टीत, म्हणजे स्प्रिंग ब्रेकमध्ये, आम्ही हीच फेरी केली: दोन मुलं, आम्ही दोघं आणि माझे आई-बाबा.

कोणतं जहाज घ्यावं यावर लोक महिनोन्महिने खल करतात. माझ्या मते त्याआधी दुसरी एक गोष्ट बघायला हवी. तुम्ही ज्या दिवशी बंदरात असाल, त्या दिवशी तिथे आणखी किती जहाजं लागणार आहेत? बंदरांची वेळापत्रकं इंटरनेटवर सहज सापडतात. एकेका मोठ्या जहाजातून तीन ते पाच हजार माणसं उतरतात. सेंट थॉमसला एकच जहाज असेल तर किनारा तुमचाच, चार असतील तर सकाळी दहानंतर टॉवेल टाकायला जागा शोधावी लागते. बुकिंग करण्याआधी पाच मिनिटं हे पाहून घेतलं, तर भाड्यात थोडा फरक पडला तरी तो सोसायला हरकत नाही. अमेरिकेत शाळांच्या सुट्ट्या प्रत्येक जिल्ह्यात वेगवेगळ्या आठवड्यांत असतात, पण ईस्टरच्या आसपास सगळेच एकदम निघतात, हेही ध्यानात ठेवा.

कागदपत्रांचं थोडक्यात. जहाज निघालं त्याच बंदरात परत येणार असेल तर अमेरिकन नागरिकांना जन्मदाखला आणि सरकारी फोटो ओळखपत्र चालतं. सोळा वर्षांखालच्या मुलांना नुसता जन्मदाखला पुरतो. तरीही सगळ्यांचे पासपोर्ट घ्याच. सेंट मार्टेनला कुणी आजारी पडलं किंवा जहाज चुकलं, तर विमानाने परतायला पासपोर्टच लागतो. भारतातून आलेले आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांच्या व्हिसावर एकाहून अधिक वेळा प्रवेशाची मुभा आहे ना, आणि मुदत परतीच्या दिवसापर्यंत आहे ना, ते आधी बघा. प्रत्येक बेटाचे नियम क्रूझ कंपनीकडून लेखी मागून घ्या. आई-वडिलांपैकी एकटंच कुणी मुलांना घेऊन जाणार असेल, तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र जवळ असावं.

विमानाने फ्लोरिडा गाठणार असाल तर आदल्या दिवशीच पोहोचा. सुट्टीत विमानं भरलेली असतात आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. चढल्यावर मोठ्या बॅगा खोलीवर यायला संध्याकाळ होते, म्हणून पोहण्याचे कपडे, औषधं आणि सनस्क्रीन हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री आणि सर्ज प्रोटेक्टर असलेली एक्स्टेन्शन कॉर्ड सोबत नेऊ नका, तपासणीत काढून घेतात.

खोली जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या. वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीचा मोह सुटत नाही, पण जहाज डोलतं तेव्हा वर आणि टोकांना जास्त जाणवतं. त्यातून या भागात वारे पूर्वेकडून वाहतात, त्यामुळे जाताना जहाज वाऱ्याच्या तोंडावर असतं. परतीचा प्रवास बहुधा शांत होतो. मुलांना उलटीवरचं कोणतं औषध किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच निघा.

समुद्रावरच्या दिवशी तरणतलावाची जी अवस्था होते ती न पाहिलेलीच बरी. नाश्त्याआधी जा, नाहीतर सगळे रात्रीच्या जेवणाला गेले की जा. खरी युक्ती वेगळी आहे: एका बंदरात उतरूच नका, किंवा दुपारीच परत या. सगळं जहाज रिकामं असतं आणि घसरगुंड्यांना रांग नसते. आमच्या धाकट्याला विचारलंत तर अख्ख्या सहलीतला तोच दिवस सर्वांत चांगला. डायपर वापरणाऱ्या बाळांना मुख्य तलावात सोडत नाहीत, पोहण्याचा खास डायपर असला तरी. लहानग्यांसाठी वेगळा पाण्याचा कोपरा आहे का, ते आधी विचारा. किड्स क्लबची, म्हणजे जहाजावरच्या मुलांच्या खेळघराची, नोंदणी पहिल्या दुपारीच करून टाका. बहुतेक ठिकाणी मूल तीन वर्षांचं आणि शी-शू सांगणारं असावं लागतं.

सान हुआनला जहाज खाडीत शिरतं तेव्हा डावीकडे उभे राहा. एल मोरो किल्ल्याच्या भिंती अगदी हाताशी आल्यासारख्या वाटतात. या किल्ल्याचं काम १५३९ मध्ये सुरू झालं. तो आणि जवळचा सान क्रिस्तोबाल हे दोन्ही एकाच तिकिटावर पाहता येतात, आणि १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट लागत नाही. बरीच जहाजं इथे दुपारी लागतात आणि किल्ले संध्याकाळ व्हायच्या आत बंद होतात, म्हणून उतरल्याबरोबर थेट तिकडे निघा. दुकानं नंतरही उघडी असतात. एल मोरोसमोरच्या मोकळ्या हिरवळीवर सतत वारा असतो आणि तिथले लोक पतंग उडवायला येतात. मुलांना तोफांपेक्षा तेच आवडलं. जुन्या शहरातले निळसर फरसबंदी रस्ते दिसायला देखणे, पण चढ-उताराचे आणि पावसात निसरडे. बाबांच्या गुडघ्यांनी दुसऱ्याच वळणावर तक्रार केली. वडीलधाऱ्यांना टॅक्सीने किल्ल्यापर्यंत नेऊन खाली चालत येणं सोपं.

सेंट थॉमसवर सकाळचं जहाज असेल आणि हातात आठ तास असतील, तर तिथे न रमता शेजारच्या सेंट जॉनला जा. रेड हुकच्या धक्क्यापर्यंत टॅक्सी, तिथून फेरीबोटीने साधारण वीस मिनिटं, पुन्हा टॅक्सी आणि ट्रंक बेचा किनारा. टॅक्सी म्हणजे मागे बाकं टाकलेला उघडा ट्रक. भाडं माणशी असतं आणि तो भरल्याशिवाय बहुधा हलत नाही. वाहनं अमेरिकेतल्यासारखी उजवीकडून नव्हे, डाव्या बाजूने जातात, रस्ता ओलांडताना मुलांचा हात धरा. ही बेटं अमेरिकेने १९१७ मध्ये डेन्मार्ककडून २.५ कोटी डॉलरचं सोनं देऊन घेतली, पण डावीकडून चालण्याची रीत तशीच राहिली.

ट्रंक बे राष्ट्रीय उद्यानात आहे. तिथे पाण्याखाली माहितीच्या पाट्या लावलेली स्नॉर्केलची, म्हणजे नळीने श्वास घेत पोहायची, वाट आहे. वाचायला नुकतीच शिकलेली आमची मुलगी पाण्यात डोकं घालून पाट्या वाचत होती, बाहेर काढताना नाकी नऊ आले. मार्चमध्ये उत्तरेकडून मोठ्या लाटा येऊ शकतात. त्या दिवशी पाण्यात उतरायचा हट्ट करू नका. प्रवाळाला अपायकारक म्हणून इथे २०२० पासून ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट आणि ऑक्टोक्रिलीन असलेल्या सनस्क्रीनवर बंदी आहे. झिंक ऑक्साइडचं घ्या. लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट त्याहून उत्तम.

या बेटांवर किनाऱ्यालगत मँचिनील नावाचं झाड आढळतं. लहान हिरव्या सफरचंदासारखी फळं, पांढरा चीक. फळ विषारी आणि चीक त्वचा भाजवणारा. पावसात त्याच्या खाली आडोशालासुद्धा उभं राहू नये. मुलांना एक नियम पुरे: खाली पडलेलं कोणतंही फळ उचलायचं नाही.

सेंट मार्टेन हे जेमतेम ८७ चौरस किलोमीटरचं बेट १६४८ च्या करारापासून फ्रेंच आणि डच यांच्यात वाटलेलं आहे, आणि मधल्या सीमेवर कुणी अडवत नाही. फ्रेंच बाजूला युरो, डच बाजूला २०२५ पासून कॅरिबियन गिल्डर. डॉलर मात्र बहुतेक ठिकाणी चालतात. सगळ्यांना जायचं असतं विमानतळाला लागून असलेल्या माहो किनाऱ्यावर, डोक्यावरून उतरणारी विमानं पाहायला. उतरणारी विमानं पाहाच, पण विमान उड्डाण करत असताना धावपट्टीच्या कुंपणाजवळ मुलांना नेऊ नका. इंजिनाच्या झोताने २०१७ मध्ये तिथे एका पर्यटक महिलेचा मृत्यू झाला होता. शिवाय वाटेतला पूल बोटींसाठी उघडला की वाहनं खोळंबतात, तेव्हा जहाजाच्या वेळेच्या निदान दोन तास आधी परत फिरा. आजी-आजोबांना हा आटापिटा नको असेल, तर धक्क्यावरून वॉटर टॅक्सीने फिलिप्सबर्गच्या किनाऱ्यावर जाऊन सावलीत बसावं. आई-बाबांनी तेच केलं.

जहाज सुटताना फोन एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रावरचं उपग्रहाचं नेटवर्क आपोआप पकडलं तर बिल भलतंच येतं. जेवणाआधी हात साबणाने धुवा, कारण जहाजावर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर नुसतं सॅनिटायझर पुरत नाही.

शेवटच्या सकाळी बॅगा स्वतः उचलून नेता येत असतील तर आधी उतरू देतात. मुलं आणि ज्येष्ठ बरोबर असतील तर त्या फंदात पडू नका, बॅगा आदल्या रात्री दाराबाहेर ठेवा आणि नेमलेल्या वेळी निघा. सकाळचे कपडे आणि चपला तेवढ्या बाहेर काढून ठेवा. परतीचं विमान दुपारी एकच्या आधीचं घेऊ नका.