पेस्ट कंट्रोलचं लायसन्स आणि अडकलेली फाईल – माझा अनुभव

लायसन्स हातात येऊन बरेच दिवस झाले, तरी ते देणाऱ्या सरकारी ऑफिसचा विषय निघाला की अजून डोकं तापतं. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते. फूड कंपन्यांमध्ये पेस्ट मॅनेजमेंटचं काम करणाऱ्या आणि लायसन्सवर स्वतःचं नाव लावायचं ठरवलेल्या कुणाला तरी उपयोग होईल.

मी झूलॉजीत बीएस्सी. काम सगळं हळद, बेदाणा आणि आटा मिलच्या पट्ट्यात. आमच्या फर्मचे टेक्निकल पर्सन, म्हणजे ज्यांचं नाव लायसन्सवर होतं ते, काम सोडून गावी गेले आणि सर म्हणाले की आता लायसन्सवर तुमचं नाव लावूया. मला आनंदच झाला, कारण इतकी वर्षं ट्रॅप तपासायचे, किडे वाढले की कमी झाले याचे ट्रेंड चार्ट काढायचे आणि ऑडिटरच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची हे सगळं मीच करत होते, सही मात्र दुसऱ्याची. फूड कंपनीत ऑडिट आलं की पेस्ट कंट्रोलच्या फाईलमध्ये पहिलं पान लायसन्सचं बघतात, मग ट्रेनिंग सर्टिफिकेट, औषधांची लेबलं, बेट स्टेशनचा (उंदरांचं औषध ठेवायच्या डब्यांचा) नकाशा वगैरे. पहिलंच पान मुदत संपलेलं असलं तर पुढचं कितीही चांगलं असून उपयोग नाही.

नियम थोडक्यात सांगते. कीटकनाशक कायदा 1968 चा, त्याखालचे नियम 1971 चे. त्यातल्या नियम 10 च्या (3ए) मध्ये व्यावसायिक पेस्ट कंट्रोलचं लायसन्स येतं. माणूस कृषी पदवीधर पाहिजे किंवा सायन्सचा पदवीधर पाहिजे आणि त्याला केमिस्ट्री हा एक विषय असला पाहिजे, शिवाय किमान 15 दिवसांचं ट्रेनिंग. हे ट्रेनिंग कुठलंही चालत नाही, नियमात संस्थांची नावंच दिलीयत: म्हैसूरचं सीएफटीआरआय (केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था), हापूरची धान्य साठवणुकीची संस्था आणि हैदराबादची वनस्पती संरक्षणाची, जिला आता एनआयपीएचएम म्हणतात. कुणी ऑनलाईन दोन दिवसांचा कोर्स करून लायसन्स मिळेल म्हणत असेल तर पैसे देऊ नका.

मी म्हैसूरला गेले. मिरजेहून ट्रेन आहे, सोपं पडतं. सीएफटीआरआय चेलुवांबा राजवाड्यात आहे, आत गेल्यावर दोन मिनिटं बघतच राहिले. ट्रेनिंगबद्दल तक्रार काहीच नाही, उलट माझं अर्धं आयुष्य ज्या किड्यांमागे गेलं ते तिथे नीट समजले. हळकुंडाला टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं पडतात आणि खाली पिवळी भुकटी सांडते, ते काम करणारा सिगारेट बीटल भिंगाखाली बघितला तर त्याचं डोकं खाली वळलेलं, वरून दिसतच नाही. किडे मारायला माल ताडपत्रीखाली झाकून आत फॉस्फिन नावाचा विषारी गॅस सोडतात, ती ताडपत्री उजेडात धरून सुईएवढी भोकंसुद्धा शोधायला लावली. कारण गॅस गळत राहिला की सगळे किडे मरत नाहीत, जे तगतात त्यांचीच पुढची पिढी वाढते, आणि पिठातल्या तांबड्या भुंग्यात फॉस्फिनला दाद न देणारे किडे असेच वाढलेत. हे मी आता प्रत्येक मिलच्या मॅनेजरला सांगते.

आता ऑफिस.

फाईल दिली तेव्हा वाटलं होतं की गोडाऊन बघायला येतील, औषधं ठेवायची जागा, मास्क, हातमोजे बघतील, त्यात काहीतरी काढतील. तसं काहीच झालं नाही, इन्स्पेक्शन एका दुपारी आटोपलं. अडलं ते डिग्रीवर. काउंटरवरच्या साहेबांनी माझं पदवी प्रमाणपत्र हातात घेतलं, झूलॉजी या शब्दावर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, यात केमिस्ट्री कुठाय?" मी पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मार्कशीट पुढे केल्या, दोन्हींत केमिस्ट्रीचे पेपर, मार्कांसकट. ते म्हणाले, ते सगळं ठीक आहे पण झूलॉजीवाल्यांना देत नाही. मी म्हटलं, नियमात झूलॉजी चालत नाही असं कुठे लिहिलंय ते दाखवा. तर म्हणाले, साहेबांना विचारावं लागेल. आणि साहेब मीटिंगला.

मग पुढचे कित्येक आठवडे हेच. कधी साहेब ट्रेनिंगला, कधी इलेक्शन ड्युटीवर, कधी "तुमची फाईल वर गेलीय", आणि वर गेलं की "खालून आलेलीच नाही". मग सांगितलं की विद्यापीठाचं पत्र आणा. त्यासाठी रजा काढून परीक्षा विभागात गेले, अर्ज केला, फी भरली, पत्र आणलं. त्यात स्वच्छ लिहिलेलं की या विद्यार्थिनीला पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाला केमिस्ट्री विषय होता. तर आता म्हणे, मुख्य विषय म्हणून होता असं लिहून आणा. अहो, मुख्य विषय झूलॉजी होता, विद्यापीठ खोटं कसं लिहून देईल? आणि नियमात मुख्य विषय असं कुठेच नाही, केमिस्ट्री एक विषय असावा एवढंच आहे. नियमाचं पान प्रिंट काढून, त्या ओळीखाली पेनने रेघ मारून मी त्यांच्यासमोर ठेवलं, त्यांनी न वाचता परत केलं. त्या दिवशी मला रडू आलं, खरं सांगते. इकडे आमच्या एका मोठ्या क्लायंटचं ऑडिट तोंडावर, त्यांचा क्वालिटी मॅनेजर रोज फोन करून विचारतोय लायसन्सचं काय झालं, आणि पावसाळा लागला की हळदीच्या गोडाऊनमध्ये बीटल वाढणार हे ठरलेलंच.

मध्येच आठवलं म्हणून सांगते, लग्नानंतर नाव बदललं असेल तर मार्कशीट, डिग्री, आधार आणि ट्रेनिंगचं सर्टिफिकेट यांवरची नावं आधी जुळवून घ्या, गॅझेटची प्रत सोबत ठेवा. माझ्याकडे होती म्हणून ती शंका तिथल्या तिथे मिटली.

माझा नियमाला विरोध अजिबात नाही. हा गॅस ज्यातून निघतो त्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडची 3 ग्रॅमची एक गोळी हवेतल्या ओलाव्याने 1 ग्रॅम फॉस्फिन सोडते, आणि माणसाने दिवसभर काम करायच्या जागी त्याची मर्यादा 0.3 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 0.3 भाग, आहे. कुणीतरी घरात ढेकणांसाठी या गोळ्या ठेवल्या आणि माणसं गेली, अशा बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. त्यामुळे शिकलेल्या माणसाच्याच हातात हे काम हवं, पाहिजे तेवढं कडक तपासा. पण तपासा म्हणजे कागद वाचा ना. मला फॉस्फिनबद्दल, डोसबद्दल, मास्कच्या कॅनिस्टरबद्दल (गॅस गाळणाऱ्या डब्याबद्दल) एक प्रश्न त्या ऑफिसात कुणी विचारला असता तर मी आनंदाने उत्तर दिलं असतं. एकानेही विचारला नाही.

शेवटी काम झालं ते एका साध्या अर्जाने. आमच्या ओळखीचे एक निवृत्त कृषी अधिकारी आहेत, त्यांनी सांगितलं, ताई, तोंडी बोलणं बंद करा आणि त्रुटी लेखी मागा. मग मी एका पानाचा अर्ज लिहिला: फाईल अमुक तारखेला दिली, अमुक कागद जोडलेत, नियम 10 (3ए) प्रमाणे पात्रता पूर्ण आहे, तरी अर्ज कोणत्या नियमानुसार प्रलंबित आहे ते लेखी कळवावं. दोन प्रती, एकीवर आवक नंबर आणि शिक्का घेतला. शिक्का मारायलाच ते टाळत होते, मी हललेच नाही. पिशवीत माहिती अधिकाराचा अर्जसुद्धा 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून तयार होता, तो द्यायची वेळ आली नाही. कारण लेखी कळवायचं म्हटल्यावर फाईल खरोखरच वर गेली, तिथल्या मॅडमनी मला बोलावलं, उभ्या उभ्या मार्कशीट बघितली, नियमाची ओळ वाचली आणि म्हणाल्या, "यात अडचण काय होती?" मला बोलायचं खूप होतं, पण तोंडातून फक्त धन्यवाद निघालं. नंतर बाहेर येऊन सरांना फोन केला तेव्हा आवाज कापत होता. लायसन्सवर माझं नाव बघून जेवढं बरं वाटलं तेवढं डिग्री मिळाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

अजून काही गोष्टी. लायसन्स मिळालं म्हणजे फ्युमिगेशनही, म्हणजे गॅस सोडून किडे मारायचं कामही, करता येतं असं समजू नका. ॲल्युमिनियम फॉस्फाईड किंवा मिथाईल ब्रोमाईड वापरायचं तर फरीदाबादच्या वनस्पती संरक्षण सल्लागारांची वेगळी परवानगी लागते, आमचा तो अर्ज आता चालू आहे. आणि परवानगी मिळाल्यावरही गॅस गेला की नाही हे वासावरून ठरवू नका, मीटर लावूनच गोडाऊन उघडा. मिलच्या इलेक्ट्रिक पॅनलचं आधीच बघा, फॉस्फिन तांबं खातं, मग क्लायंट बिल तुमच्यावर फाडतो.

झूलॉजी, बॉटनी किंवा मायक्रोबायोलॉजी केलेल्यांनी म्हैसूरचं बुकिंग करायच्या आधी विद्यापीठाचं विषयांचं पत्र काढून ठेवा, मार्कशीटच्या साक्षांकित प्रती फाईलच्या शेवटी नाही, अगदी वर लावा, आणि केमिस्ट्रीच्या ओळीवर हायलायटर मारा. फाईल देताना आवक नंबर त्याच दिवशी घ्या.