कोरे रकाने परवडले

डीएचएस म्हणजे लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणांच्या फाइलीत साधारणपणे 8 किंवा 98 म्हणजे ‘माहीत नाही’, 9 किंवा 99 म्हणजे उत्तरच नोंदलेलं नाही. दोन्ही एकाच खात्यात टाकू नका. आणि 98 तसाच ठेवून सरासरी काढलीत, तर मग बोलायलाच नको!

खरी गोम मात्र भरलेल्या रकान्यांत असते. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जुलाब, ताप असे ढीगभर जादा प्रश्न. ते टाळायला मुलाखतकार जन्मसाल एक वर्ष मागे ढकलतो. ओळखायला या पाच वर्षांच्या सीमेपलीकडच्या पहिल्या वर्षातले जन्म दुप्पट करा, आजूबाजूच्या दोन वर्षांतल्या जन्मांच्या बेरजेने भागा, 100 ने गुणा. उत्तर 100 च्या बरंच वर गेलं, तर पथकनिहाय तपासा. एकेका मुलाखतकाराचे आकडे फारच तोकडे पडतात.